रात्रपहाऱ्यावरचा सैनिक आणि 'सोनेरी मूळ'

पानफुटीचे पान वहीत ठेवून त्याच्या कडांना फुटणारी रोपे पाहण्याचा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. याच पानफुटीच्या कुळातली एक वनस्पती लडाखच्या उंच खिंडींच्या आसपास, खडकांच्या फटींत वाढते. पाने तशीच मांसल, फुलांचे झुबके पिवळट किंवा लालसर, आणि जमिनीखाली जाडजूड मूळखोड. लडाखी लोक तिला 'सोलो' म्हणतात आणि तिची कोवळी पाने दह्यात घालून खातात. तिची एक जवळची बहीण सायबेरियात, स्कँडिनेव्हियात आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इतर थंड प्रदेशांत आढळते. तिच्या मूळखोडाला ताजे कापले असता गुलाबासारखा वास येतो, म्हणून शास्त्रीय नाव ऱ्होडिओला रोझिया. रशियन लोक तिला 'सोनेरी मूळ' म्हणतात.

या मुळाचा अर्क घेतला, तर दिवसेंदिवस ताणाखाली काम करणाऱ्या माणसाचा मेंदू कमी थकतो, असा दावा आहे. तो दावा तपासण्यासाठी रशियात लष्करी विद्यार्थ्यांवर, म्हणजे कॅडेटांवर, प्रयोग झाला. तो प्रयोग आपण या लेखात थोडा सावकाश पाहणार आहोत. त्याला कारण आहे. जानेवारी उजाडला की औषधांच्या दुकानांत स्मरणशक्तीच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात, आणि पालक शिक्षकांना विचारू लागतात, "सर, बारावीचं वर्ष आहे, मुलाला यातलं कुठलं देऊ?" या प्रश्नाला 'काही उपयोग नाही' आणि 'द्यायला काय हरकत आहे' अशी दोन्ही उत्तरे आम्ही स्वतः देऊन पाहिली आहेत. दोन्ही घाईची होती.

सैनिकच का? एक तर त्याच्या कामात ताण खरा असतो. अपुरी झोप, थंडी, भूक, भीती आणि या सगळ्यांत नेमका निर्णय घेण्याची सक्ती. दुसरे असे की, सैनिक एकाच वयाचे, एकच जेवण जेवणारे, एकाच वेळी उठणारे असतात. संशोधकाला अशी एकसारखी माणसे इतरत्र सहसा मिळत नाहीत. तिसरे कारण फारसे चांगले नाही. सैनिकाला 'ही गोळी घे' म्हटले की तो घेतो. वरिष्ठांच्या छावणीत झालेल्या प्रयोगाला कॅडेटने दिलेली संमती कितपत मोकळी मानायची, हा प्रश्न अशा प्रत्येक अभ्यासाच्या बाबतीत मनात ठेवावा लागतो.

सैनिकाला जागे ठेवण्याच्या खटाटोपाचा इतिहास मात्र एका दुसऱ्याच झुडपापासून सुरू करायला हवा. चिनी वैद्यकात 'मा हुआंग' नावाने ओळखले जाणारे हे एफेड्राचे झुडूप. त्याच्या भावंडांपैकी एक हिमालयातही वाढते. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागायोशी नागाई यांनी १८८५ साली या झुडपातून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ साली एफेड्रिनपासून मेथअँफेटामिन तयार केले. पुढे १९३८ साली बर्लिनच्या टेमलर कंपनीने तेच रसायन 'पेर्विटिन' नावाने बाजारात आणले. १९४० सालच्या फ्रान्सवरील चढाईच्या काही महिन्यांत जर्मन सैन्यासाठी अशा सुमारे साडेतीन कोटी गोळ्या पाठवल्या गेल्या. पुढे १९७२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेले हाइनरिश ब्योल तेव्हा साधे सैनिक होते. घरी लिहिलेल्या पत्रांतून ते या गोळ्यांची मागणी करत. गोळीने झोप उडे, धीर वाढे. पण नंतर येणारी गळाठा, सवय लागणे, हृदयावरचा ताण हेही लवकरच दिसू लागले. १९४१ साली जर्मनीतच तिच्यावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध आले. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांनीही बेंझेड्रिन नावाचे याच जातीचे औषध वापरले, तेव्हा एका बाजूलाच दोष देण्यात अर्थ नाही.

उत्तेजक द्रव्ये घोड्याला चाबूक मारावा तसे काम करतात. घोडा पळतो, पण त्याच्या अंगातली शक्ती वाढत नाही. मग असे काही सापडेल का, की जे चाबूक न मारता घोड्यालाच काटक बनवील? सोव्हिएत संघातल्या शास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न साधारण असा होता.

त्यांच्यासमोर हान्स सेल्ये यांचे काम होते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात सेल्ये यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्ये असे कोणतेही संकट असो, उंदराच्या शरीरात काही बदल सारखेच होतात: मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. सेल्ये यांनी याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी धोक्याची जाणीव होते, मग शरीर तग धरते, आणि संकट टळलेच नाही तर शेवटी थकून कोसळते. आज आपण 'स्ट्रेस' हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो या कामातून रूढ झाला.

लष्करी वैद्यकाशी संबंधित असलेले रशियन औषधशास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी १९४७ साली 'अ‍ॅडाप्टोजेन' ही कल्पना मांडली. मधली 'तग धरण्याची' पायरी लांबवणारे द्रव्य, असा तिचा ढोबळ अर्थ घेता येईल. गंमत अशी की, त्यांच्या डोळ्यांपुढे असलेले द्रव्य वनस्पतीतून आलेले नव्हते, ते कारखान्यात तयार झालेले औषध होते. वनस्पतींकडे हे काम वळवले ते व्लादिवोस्तोकचे इस्राएल ब्रेखमान यांनी. त्यांनी आधी जिनसेंग तपासले. ते दुर्मिळ आणि महाग, म्हणून पूर्वेकडच्या अरण्यात विपुल मिळणाऱ्या एल्युथेरोकॉकस या काटेरी झुडपाकडे ते वळले. १९६९ साली ब्रेखमान आणि दार्दिमोव यांनी इंग्रजीत लिहिलेल्या आढाव्यामुळे ही कल्पना पाश्चात्त्य जगात पोहोचली. अ‍ॅडाप्टोजेनने तीन अटी पाळाव्यात असे त्यांचे म्हणणे: त्याने शरीराच्या नेहमीच्या व्यवहारात गडबड करू नये, एकाच नव्हे तर नाना प्रकारच्या संकटांपुढे शरीराला बळ द्यावे, आणि बिघाड कोणत्याही दिशेने झालेला असो, तो पूर्वपदावर आणावा.

तिसरी अट वाचताना विज्ञानशिक्षकाच्या भुवया उंचावायला हव्यात. रक्तदाब वाढलेला असेल तर उतरवणारे आणि उतरलेला असेल तर चढवणारे औषध! असे द्रव्य असणे अशक्य नाही, पण असा दावा खोटा ठरवणे फार कठीण असते, कारण निकाल कोणताही आला तरी तो बाजूचाच म्हणता येतो. आधुनिक औषधशास्त्राने 'अ‍ॅडाप्टोजेन' हा शब्द अजून मनापासून स्वीकारलेला नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

आता तो कॅडेटांचा प्रयोग. २००३ साली तो 'फायटोमेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९ ते २१ वर्षे वयाच्या १६१ कॅडेटांचा त्यात समावेश होता. ताण आणि थकवा असताना बौद्धिक काम करण्याची क्षमता टिकते का, हे पाहायचे होते. चार गट केले गेले. एका गटाला ऱ्होडिओलाच्या अर्काच्या नेहमीच्या मात्रेइतक्या, म्हणजे दोन कॅप्सूल दिल्या. दुसऱ्याला तीन, म्हणजे दीडपट मात्रा. तिसऱ्याला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण अर्क नसलेल्या कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. चौथ्या गटाला काहीच दिले नाही. कोणाला कोणती कॅप्सूल मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. मात्रा एकदाच द्यायची होती. वेगवेगळ्या बौद्धिक चाचण्यांचे गुण एकत्र करून एक 'थकवारोधी निर्देशांक' काढण्यात आला, जोडीला नाडी आणि रक्तदाबही मोजले गेले.

निकाल असा: दोन कॅप्सूल घेणाऱ्यांचा सरासरी निर्देशांक १.०३८५, तीन घेणाऱ्यांचा १.०१९५ आणि प्लासिबोवाल्यांचा ०.९०४६. म्हणजे अर्क घेणारे गट प्लासिबो गटापेक्षा साधारण १३ ते १५ टक्क्यांनी वर राहिले. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक ठळक होता. अर्काचा काहीच परिणाम नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी होती.

मात्रा दीडपट केल्याने मात्र काहीही जास्त मिळाले नाही. बौद्धिक चाचण्यांत कल असलाच तर तो कमी मात्रेच्या बाजूने होता. 'थोड्याने गुण आला, तर जास्तीने जास्त येईल' हे गणित शरीरात सहसा चालत नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते, की उत्तेजना वाढत गेली की शिकणे आधी सुधारते आणि एका मर्यादेनंतर बिघडू लागते. काम जितके अवघड, तितकी ती मर्यादा लवकर येते. परीक्षेच्या आदल्या रात्री चार कप कॉफी पिऊन बसलेल्या मुलाला हा आलेख वर्गात काढून दाखवण्यासारखा आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सिद्ध झाले की! थोडे थांबू या. चांगल्या प्रयोगाकडेही काही प्रश्न घेऊनच जावे लागते. हा प्रयोग एकाच मात्रेचा, थोड्या तासांचा होता. आपला मूळ प्रश्न दीर्घकाळच्या ताणाचा आहे, आणि एका रात्रीवरून सहा महिन्यांचे अनुमान काढता येत नाही. दुसरे, अनेक चाचण्यांचे गुण मिसळून केलेला निर्देशांक हा आमटीसारखा असतो. चव लागते, पण कोणत्या डाळीची हे कळत नाही. स्मरण सुधारले, वेग सुधारला की केवळ उत्साह? तिसरे, निबंधाच्या लेखकांत हा अर्क बनवणाऱ्या स्वीडिश संस्थेतली व्यक्तीही होती. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण विक्रेत्यानेच तपासलेल्या मालाची दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासणी करावी, अशी अपेक्षा आपण किराणा दुकानातही ठेवतो.

अशी तपासणी थोडीफार झाली आहे. २००० साली त्याच अर्काचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले होते. पहिला रात्रपाळी करणाऱ्या ५६ तरुण डॉक्टरांचा. त्यांची साहचर्याने विचार करणे, अल्पकालीन स्मृती, आकडेमोड, एकाग्रता, पाहण्या-ऐकण्याचा वेग अशी परीक्षा पाळीच्या आधी आणि नंतर घेतली. आधी दोन आठवडे एका गटाला अर्क, दुसऱ्याला प्लासिबो. मग दोन आठवडे विश्रांती. मग गोळ्यांची अदलाबदल. पहिल्या पंधरवड्यात अर्क घेणाऱ्यांचे गुण निश्चित सुधारले. हा फरक त्या पहिल्या पंधरवड्यापुरताच होता. दुसरा अभ्यास रशियात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा, आणि तोही परीक्षेच्या काळातला! वीस दिवस अर्क घेतल्यावर त्यांची शारीरिक क्षमता, मानसिक थकवा आणि स्वतःला 'बरे वाटणे' यांत सुधारणा दिसली. पण छापील मजकुरातली अक्षरे तपासत जाण्याच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने लक्ष देण्याच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही.

२०१२ साली काही संशोधकांनी अशा अकरा चाचण्या एकत्र तपासल्या. मानसिक थकव्याबद्दलच्या पाच चाचण्यांपैकी तीन अर्काच्या बाजूने होत्या. पण अकराही चाचण्यांत एक तर पूर्वग्रहाला वाव होता, किंवा प्रयोग कसा केला याचे वर्णनच इतके अपुरे होते, की विश्वास किती ठेवावा हे ठरवता येईना. युरोपीय औषध संस्था या मुळाला ताणातून येणाऱ्या थकव्यासाठी मान्यता देते, ती 'परंपरेने वापरात आहे' या सदरात. 'प्रयोगाने सिद्ध' या सदरात ते अजून गेलेले नाही.

याच्या शेजारी दुसरी एक वनस्पती ठेवून पाहू. तिच्या बिया आपण रोज कुटून, उकळून पितो आणि तिला औषध म्हणत नाही. कॉफी! अमेरिकन नौदलाच्या 'सील' तुकडीच्या प्रशिक्षणात एक आठवडा असा असतो, की त्यात उमेदवारांना जवळजवळ झोपच मिळत नाही. शिवाय थंड पाणी, सततची धावपळ. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ६८ उमेदवारांना ७२ तासांच्या जागरणानंतर १००, २०० किंवा ३०० मिलिग्रॅम कॅफीन अथवा प्लासिबो दिला. नजर ठेवणे, प्रतिक्रियेचा वेग, शिकणे आणि लक्षात ठेवणे यांत कॅफीनने स्पष्ट सुधारणा झाली. सर्वांत सोयीची मात्रा २०० मिलिग्रॅमची ठरली. नेमबाजी मात्र सुधारली नाही. हात स्थिर ठेवणे हे वेगळेच कौशल्य आहे. या अभ्यासात काय सुधारले आणि काय नाही, हे वेगवेगळे सांगितले आहे, म्हणून तो आम्हाला अधिक उपयोगाचा वाटतो. शिवाय कॅफीनचे काम कसे चालते हेही माहीत आहे. आपण जागे असताना मेंदूत अडेनोसिन साचत जाते आणि त्यामुळे झोप येते. अडेनोसिन ज्या जागी जाऊन बसते, त्या जागा कॅफीन अडवून धरते. पण अडेनोसिन साचण्याचे थांबत नाही. कॅफीन उतरले, की साठलेली झोप वसुलीला येते. ऱ्होडिओलाच्या बाबतीत इतके स्वच्छ चित्र अजून नाही. त्यातली रोझाव्हिन आणि सॅलिड्रोसाइड ही द्रव्ये महत्त्वाची मानतात. ताणाच्या संप्रेरकांवर आणि पेशींतल्या संरक्षक प्रथिनांवर त्यांचा परिणाम होतो असे काचनळीतले आणि प्राण्यांवरचे पुरावे आहेत. माणसाच्या मेंदूत नेमके काय घडते ते अजून उलगडायचे आहे.

या सगळ्यात झोप कुठे गेली? २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ४८ निरोगी माणसांपैकी काहींना रोज चार, काहींना सहा, तर काहींना आठ तास झोपू दिले, सलग चौदा दिवस. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मृतीच्या चाचण्या दिवसेंदिवस बिघडत गेल्या. चौदाव्या दिवशी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी होती. त्यांना स्वतःला याची फारशी कल्पनाच नव्हती! झोप थोडीशी कमी पडते, पण चालले आहे, असे ते सांगत होते. ताणाखालच्या मेंदूची कामगिरी आणि त्या मेंदूला स्वतःबद्दल काय वाटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे औषध दुसरीत सुधारणा करील आणि पहिलीला हातही लावणार नाही, हे सहज शक्य आहे. पहाऱ्यावरच्या सैनिकाच्या बाबतीत अशी सुधारणा धोक्याचीच ठरेल. थकलेला आणि थकलो आहे हे जाणणारा पहारेकरी शेजाऱ्याला उठवतो. थकलेला पण ताजेतवाने वाटणारा उठवत नाही.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. उंचावर, विरळ हवेत आणि गोठवणाऱ्या थंडीत महिनोन्‌महिने राहणारे सैन्य असलेल्या देशाला त्यात रस असणारच. दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रियाशास्त्र संस्थेतील (डिपास) संशोधकांनी लडाखी सोलोचा, म्हणजे ऱ्होडिओला इंब्रिकाटाचा, अर्क उंदरांवर तपासला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांना एकाच वेळी तीन ताण दिले: ५ अंश सेल्सियस तापमान, हवेचा दाब ४२८ मिलिमीटर (समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर असतो तितका) आणि हालचालीला बंदी. शरीराचे तापमान ३७ वरून २३ अंशांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो आणि ते पूर्वपदावर यायला किती, हे मोजले. अर्क घेतलेल्या उंदरांचे तापमान सावकाश उतरले आणि लवकर चढले. प्रयोग सुबक आहे. पण त्यात थंडीला तोंड देण्याची क्षमता मोजली आहे, बुद्धीची कामगिरी नव्हे, आणि तीही उंदराची. पुढे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांच्या भाषणात सोलोचा उल्लेख आला, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी तिला थेट 'संजीवनी' करून टाकले. मधल्या पायऱ्या गाळल्या की असे होते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील शारदिनी डहाणूकर, ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातील सहा रसायन औषधांवर केलेले काम मराठी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा यांचे अर्क माणसाच्या मात्रेच्या हिशोबाने प्राण्यांना देऊन, मग जैविक, भौतिक आणि रासायनिक असे निरनिराळे ताण देऊन त्यांनी परिणाम पाहिले. काही प्रमाणात संरक्षण मिळते असे त्यांना आढळले. १९९९ सालचा हा निबंध आहे. परंपरेने सांगितले म्हणून मानले नाही आणि परंपरेने सांगितले म्हणून टाकलेही नाही, ही त्यांची पद्धत आम्हाला महत्त्वाची वाटते.

'वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येते, की त्याच्यासाठी दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. वर आलेले एफेड्राचे झुडूप १९९० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवणाऱ्या आणि जोम आणणाऱ्या 'हर्बल' गोळ्यांतून पुन्हा अवतरले. झटके, हृदयविकार आणि मृत्यूंच्या नोंदींनंतर २००४ साली त्या गोळ्यांवर बंदी आली. मग 'डी.एम.ए.ए.' नावाचे द्रव्य आले. जिरेनियमच्या तेलात सापडणारे नैसर्गिक द्रव्य म्हणून ते खपवले जाई. प्रत्यक्षात बाटल्यांतले द्रव्य कारखान्यात बनलेले होते. ते घेतलेल्या दोन अमेरिकन सैनिकांचा सरावादरम्यान मृत्यू झाल्यानंतर, २०११ च्या अखेरीस लष्करी तळांवरच्या दुकानांतून अशी उत्पादने हटवण्यात आली. अश्वगंधेबद्दलही, क्वचित का होईना, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली खाद्यपूरकांत तिच्यावर बंदी घातली. ती बंदी कितपत योग्य यावर वाद आहे. पण ज्या द्रव्यात शरीरावर परिणाम करण्याची ताकद आहे, त्यात अपायाचीही असू शकते, एवढे तरी यातून कळावे.

आणखी एक गोची नावांची. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' म्हणून कोणी पाणथळ जागेतली बॅकोपा आणून देतो, तर कोणी मंडूकपर्णी. 'शंखपुष्पी'च्या नावाखाली किमान तीन वेगळ्या वनस्पती चालतात, त्यांत विष्णुक्रांता आणि गोकर्णही येतात. बॅकोपाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ४६ निरोगी माणसांत परिणाम दिसला तो बारा आठवड्यांनी. पाच आठवड्यांनी दिसला नव्हता. म्हणजे परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आणलेल्या बाटलीकडून, तीत खरोखर बॅकोपा असली तरीही, त्या चाचणीच्या आधारे काही मागता येत नाही. ऱ्होडिओलाचीही हीच कथा. २०१६ साली लंडनच्या संशोधकांनी बाजारातल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा काहींत या मुळाची ओळख पटवणारे रोझाव्हिनच नव्हते. त्यांत दुसऱ्याच जातीची मुळे होती.

मुलांना कोणतीही गोळी न देता वर्गात करता येण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या मजकुराच्या प्रती काढा. पाच मिनिटांत प्रत्येक 'र' अक्षरावर काट मारायची. किती ओळी झाल्या आणि किती 'र' सुटले, हे मोजा. ही चाचणी सोमवारी पहिल्या तासाला घ्या आणि मग शेवटच्या तासाला, वेगळा मजकूर देऊन. बहुतेक वर्गांत एक गंमत दिसेल. शेवटच्या तासाला मुले थकलेली असूनही काहींचे गुण वाढलेले असतील, कारण सकाळी सराव झाला! दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला चाचणीआधी साधे लिंबू-सरबत द्या आणि 'यात एकाग्रता वाढवणारे काही आहे' असे सांगा. उरलेल्यांना तेच सरबत द्या, पण काही सांगू नका. गुण मांडा, आणि त्याबरोबर 'तुम्हाला कितपत ताजेतवाने वाटले, दहापैकी गुण द्या' हेही लिहून घ्या. मग सर्वांना खरे काय ते सांगा. कॅडेटांच्या प्रयोगात प्लासिबोचा गट का होता, आणि शिवाय काहीच न दिलेला चौथा गट कशाला हवा होता, हे मुलेच तुम्हाला समजावून सांगतील. आधल्या रात्री कोण किती तास झोपले होते, हा रकाना तक्त्यात घालायला विसरू नका.

सोलोचे काय झाले, तेही सांगायला हवे. हे झाड फार हळू वाढते. लागवड केली तरी मूळ काढण्याजोगे व्हायला चार-पाच वर्षे लागतात, आणि मूळ काढले की झाड संपते. मागणी वाढली तशी अनेक देशांत रानातली मुळे बेसुमार उपटली गेली. त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ऱ्होडिओलाच्या सर्व जाती 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आल्या. फेब्रुवारी २०२३ पासून या मुळांचा देशोदेशींचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.